बळ किती, ते मोजून पाहा

गावची जत्रा आली की आखाड्याभोवती गर्दी जमते. हलगी कडाडू लागते. दोन पैलवान लंगोट कसून मातीत उतरतात. गर्दीत लगेच कुजबूज सुरू होते.

"तो थोराड दिसतो. तोच मारणार."

"अरे, त्याच्या दंडाकडे बघ. याचा काय निभाव लागतोय!"

कुस्ती अजून लागलेली नसते, पण निकाल देऊन मोकळे झालेले लोक पुष्कळ असतात. अन् दहा मिनिटांनी दिसते काय? थोराड गडी चीतपट झालेला असतो आणि सडपातळ गड्याच्या डोक्यावर फेटा चढलेला असतो.

असे का होते? डाव आणि चपळाई यांचा त्यात वाटा असतोच. पण आणखी एक कारण आहे. आपले डोळे फसतात. डोळ्यांना अंगाचा आकार दिसतो, अंगातले बळ दिसत नाही. धान्य मापावे लागते, जमीन मोजावी लागते, तसेच बळही मोजावे लागते. ते कसे मोजतात, हे आज आपण पाहू.

आमची एक चूक

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले आणि शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आधी आमचीच एक चूक सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. आम्ही पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत होतो. तालुक्याच्या खेळांसाठी मुले निवडायची होती. आम्ही मुलांची रांग लावली. अंगापिंडाने भरलेली मुले पाहिली अन् बोट दाखवून निवडली. इतक्यात एक काटकुळा मुलगा पुढे आला. म्हणाला, "गुरुजी, मी लांब उडी मारून दाखवू का?"

आम्ही म्हणालो, "बस खाली. आधी अंगाला मांस लागू दे."

पोरे हसली. तो खाली मान घालून बसला.

खेळात आमची मुले हरली. पुढे चार दिवसांनी आम्ही ओढ्याकडून येत होतो. तोच मुलगा शेळ्यांमागे होता. त्याने एका उडीत ओढा ओलांडला. आम्ही जागीच थांबलो. दुसऱ्या दिवशी शाळेत टेप आणून त्याची उडी मोजली. आम्ही निवडलेल्या मुलापेक्षा ती हातभर जास्त भरली. पण आता मोजून काय उपयोग? खेळ होऊन गेले होते. पुढच्या वर्षी त्याची शाळाही सुटली.

टेप कपाटातच होती. मोजायला पाच मिनिटे लागली असती. ती पाच मिनिटे आम्ही दिली नाहीत. ही गोष्ट आम्हांला अजून टोचते.

खाशाबांची गोष्ट

ही चूक आमच्या आधीही झालेली आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. अंगाने लहान अन् उंचीने बेताचे. कॉलेजच्या खेळांत नाव द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या लहान चणीकडे पाहून त्यांना परत पाठवले, असे सांगतात. खाशाबा प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. खर्डेकरांनी त्यांना खेळू दिले. मग या लहानखुऱ्या मुलाने आपल्याहून मोठे गडी पाडून दाखवले.

पुढे १९५२ साली फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात ऑलिंपिक खेळ भरले. तेथे जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो वजनाच्या गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

विचार करा. नुसत्या चणीवर निकाल दिला असता, तर ते पदक देशाला मिळाले असते का?

कुस्तीत वजनाचे गट करतात, ते याचसाठी. मोठ्या अंगात एकूण बळ जास्त असू शकते. पण आपल्या वजनाच्या मानाने कोणाचे बळ जास्त, हे निराळे. म्हणून ५७ किलोचा गडी ५७ किलोच्याच गड्याशी लढतो. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीच्या गटाला ८६ ते १२५ किलो अशी मर्यादा आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावचे हर्षवर्धन सदगीर यांनी २०२० सालच्या जानेवारीत ही गदा जिंकली. २०२५ साली तर ही स्पर्धा आपल्या नगर शहरातच भरली होती. आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण बोलण्यात नगरच येते. तेथेही आखाड्यात उतरण्याआधी पैलवान काट्यावर उभा राहतो. आधी वजन, मग कुस्ती.

बळ, झपाटा आणि दम

आता मुख्य गोष्ट. आपण "ताकद" हा एकच शब्द वापरतो. पण त्यात तीन निराळ्या गोष्टी असतात.

पहिली म्हणजे बळ. एका वेळी जास्तीत जास्त किती जोर लावता येतो, ते बळ. जड पोते एकदा उचलून पाठीवर घेणे, हे बळाचे काम.

दुसरी म्हणजे झपाटा. जोर किती लावला आणि किती वेगाने लावला, हे दोन्ही मिळून झपाटा होतो. शाळेच्या पुस्तकात याला शक्ती म्हणतात. उडी मारणे, गोळा फेकणे, ही झपाट्याची कामे.

तिसरी म्हणजे दम. तेच काम न थकता किती वेळ करता येते, तो दम. दिवसभर ऊस तोडणे हे दमाचे काम.

बळ आणि झपाटा यांत फरक काय, हे विहिरीवर नीट कळते. पूर्वी मोट होती. बैल धावेवरून खाली जात अन् थारोळ्यात पाणी पडे. पुढे विजेची मोटार आली. विहीर तीच, पाणी तेवढेच, उंचीही तेवढीच. काम सारखेच झाले. पण मोटेला दिवस लागे, ते मोटार थोड्या वेळात करू लागली. कमी वेळात तेवढेच काम, म्हणजे शक्ती जास्त. मोटारीवर तीन अश्वशक्ती, पाच अश्वशक्ती असे लिहिलेले असते, ते हेच. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर नेले, की ती एक अश्वशक्ती झाली.

माणसाची अश्वशक्तीही काढता येते. गडी ६० किलोचा आहे. जिना उभ्या उंचीने ३ मीटर आहे. तो ३ सेकंदांत धावत वर गेला. आता हिशेब करा.

६० गुणिले ३ म्हणजे १८०. त्याला ३ सेकंदांनी भागले. आले ६०. त्याला ७५ ने भागले. आले ०.८. म्हणजे हा गडी तेवढ्या तीन सेकंदांपुरता पाऊण अश्वशक्तीहून थोडा जास्तच चालला. इटलीतील मार्गारिया नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६६ साली अशीच जिन्याची कसोटी मांडली. पण हे घटकाभराचे काम आहे. दिवसभर एवढी शक्ती कोणीच लावू शकत नाही.

बळाच्या कसोट्या

जत्रेत मोठा गोल दगड उचलण्याची पैज लागते. ती बळाचीच जुनी कसोटी आहे. तिच्यात दोन उणिवा आहेत. एक, दगड एकच असतो. उचलला किंवा नाही उचलला, एवढेच कळते. किती बळ आहे, ते कळत नाही. दुसरी, पैजेच्या भरात कंबर धरते. काहींना जन्मभराचे दुखणे लागते.

आज वजने उचलून बळ मोजतात, ते पायरीपायरीने. आधी अंग गरम करायचे. मग हलके वजन उचलायचे. दोन-तीन मिनिटे थांबायचे. वजन थोडे वाढवायचे. पुन्हा थांबायचे. जे वजन नीट एकदाच उचलता येते, दुसऱ्यांदा येत नाही, ते त्याचे कमाल बळ. शेजारी वजन धरायला दोन माणसे लागतात.

नवख्याने एवढे वजन उचलू नये. त्याच्यासाठी सोपी रीत आहे. झेपेल असे वजन घ्या. दहाच्या आत किती वेळा उचलता येते, ते मोजा. मग हिशेब करा. समजा, ४० किलो सहा वेळा उचलले. ४० गुणिले ६ म्हणजे २४०. त्याला ३० ने भागा. आले ८. हे ८ मूळच्या ४० मध्ये मिळवा. झाले ४८. म्हणजे त्याचे कमाल बळ सुमारे ४८ किलो. हा अंदाज आहे, पण कंबर मोडून घेण्यापेक्षा अंदाज बरा.

पकडीचे बळ मोजायला एक लहान यंत्र मिळते. मुठीत धरून दाबले की काटा किलो दाखवतो. तीनदा दाबतात. मधे थोडे थांबतात. सर्वांत जास्त आकडा धरतात. कुस्तीत पकडीला केवढे मोल आहे, हे पैलवानाला सांगायला नको. पण हे यंत्र केवळ पैलवानांचे नाही. भारत धरून १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पकड अशी मोजली गेली. त्याचा निष्कर्ष २०१५ साली छापून आला. ज्यांची पकड कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मरण पावणारांचे प्रमाण जास्त आढळले. पकड कमी झाल्याने माणूस मरतो, असा याचा अर्थ नव्हे. सगळ्या अंगाचे बळ उतरू लागले, याची ती खूण असते.

येथे एक गैरसमज दूर करू. तालमीत कोणी पाचशे जोर अन् हजार बैठका काढतो. लोक म्हणतात, केवढे हे बळ! मंडळी, त्यात बळ आहे, पण त्याहून जास्त दम आहे. हजार बैठका काढणारा क्विंटलाचे पोते उचलेलच, असे नाही. पोते उचलणारा हजार बैठका काढेल, असेही नाही. ज्याची त्याची कसोटी निराळी.

झपाट्याच्या कसोट्या

ही सर्वांत सोपी कसोटी. तिला खडू अन् भिंत पुरते. भिंतीला कूस लावून उभे राहा. टाचा न उचलता हात वर करा आणि बोट पोचेल तेथे खूण करा. मग बोटाला खडू लावा. धाव न घेता, जागच्या जागी उंच उडी मारून भिंतीला बोट लावा. दोन खुणांमधले अंतर मोजा. ती तुमची उडी. अमेरिकेतील व्यायामशिक्षक सार्जंट यांनी १९२१ साली ही कसोटी लिहून प्रसिद्ध केली. शंभर वर्षे झाली, अजून ती चालते. साधारण धडधाकट तरुण ४० ते ५० सेंटिमीटर उडतो.

दोन गडी सारखेच उंच उडाले, पण एक ५० किलोचा आहे अन् दुसरा ७० किलोचा, तर जास्त शक्ती कोणाची? ७० किलोवाल्याची. कारण त्याने जास्त वजन तेवढेच उंच नेले.

दुसरी कसोटी जागेवरून लांब उडीची. रेघेला पाय लावून, धाव न घेता दोन्ही पायांनी पुढे उडायचे. रेघेपासून मागच्या टाचेपर्यंत टेपने मोजायचे. तिसरी कसोटी हातांची. बसून किंवा उभे राहून जड चेंडू दोन्ही हातांनी फेकायचा.

मोठ्या संस्थांत यासाठी यंत्रे असतात. जमिनीत बसवलेल्या पाटीवर खेळाडू उडी मारतो आणि पायांनी किती जोर लावला, ते यंत्र सांगते. इस्रायल देशातील विंगेट संस्थेत १९७० च्या दशकात सायकलची एक कसोटी तयार झाली. खेळाडूने ३० सेकंद जीव तोडून पायडल मारायचे. सुरुवातीला किती शक्ती होती आणि शेवटी किती उरली, हे त्यातून कळते. आपल्याजवळ ती यंत्रे नाहीत. नसू द्या. खडू, टेप आणि घड्याळ, एवढ्यावर पुष्कळ काम होते.

भरतीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी

आपल्या नगर शहरात रणगाडा दलाचे मोठे केंद्र आहे. गावोगावची मुले सैन्यात अन् पोलिसांत जायला धडपडतात. पहाटे सडकेवर पळणारी पोरे आपण रोज पाहतो. बाप उसनेपासने करून पोराला भरतीला पाठवतो. पोर परत येते ते मान खाली घालून. विचारले तर म्हणते, "पळण्यात निघालो होतो. बीमवर हात सुटले."

का सुटले? कारण तो केवळ पळण्याचीच तयारी करत होता. त्याने दम मोजला. बळ मोजलेच नाही.

सैन्यभरतीत काय असते, ते पाहा. १६०० मीटर धावणे, हा दम. आडव्या दांडीला लोंबकळून हनुवटी वर नेणे, यात बळ आणि दम दोन्ही. तेथे दहा वेळा वर गेले की पूर्ण ४० गुण मिळतात. नऊ फुटी खड्डा ओलांडणे, हा झपाटा. पोलीस शिपाई भरतीत मैदानी परीक्षा ५० गुणांची असते. मुलगे १६०० मीटर पळतात, मुली ८०० मीटर. दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. मुलग्यांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा, मुलींचा ४ किलोचा. गोळ्याला १५ गुण असतात. हे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून कोणी सांगितले त्यावर जाऊ नका. आता वाचता येते ना? मग जाहिरात स्वतः वाचा. पोराची जाहिरात आईबापांनीही वाचावी.

आणखी एक धोक्याची सूचना. भरती जवळ आली की काही मुले ताकदीची इंजेक्शने आणि गोळ्या घेतात. हे विष आहे. त्याने काळीज आणि यकृत बिघडते. धावता धावता जीवही जाऊ शकतो. बळ सुईतून येत नाही. ते भाकरी, दूध, कडधान्य, झोप आणि रोजची मेहनत यांतून येते.

आपणा थोरांसाठी

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही कुठे आता आखाड्यात उतरणार?" खरे आहे. पण विहिरीची पायरी, एसटीची पायरी, डोक्यावरचा हंडा, यांनाही बळ लागते. वय झाले की पायांचे बळ उतरते. माणूस पडतो. मांडीचे हाड मोडते. मग खाट सुटत नाही.

त्यासाठीही कसोटी आहे. हात नसलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तीवर बसा. हात छातीवर आडवे घ्या. ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा बसता-उठता येते, ते मोजा. शेजारी कोणी तरी उभे असावे. अमेरिकेत डॉक्टर लोक वापरतात त्या तक्त्याप्रमाणे, ६० ते ६४ वयाच्या पुरुषाचे १४ पेक्षा कमी झाले किंवा बाईचे १२ पेक्षा कमी झाले, तर पायांचे बळ उणे समजतात.

आम्ही पहिल्यांदा करून पाहिले, तेव्हा अकराच झाले. आम्हांला वाटत होते, आपण ठणठणीत आहोत! मग रोज सकाळी खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठबस सुरू केली. तीन महिन्यांनी मोजले. चौदा झाले. न मोजता राहिलो असतो, तर बळ उतरल्याचे कळले नसते अन् वाढल्याचेही कळले नसते. छातीचे दुखणे, रक्तदाब किंवा गुडघ्याचे जास्त दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मोजताना हे पाळा

अंग गरम केल्यावाचून मोजू नका. जेवून लगेच मोजू नका. ताप असेल, अंग दुखत असेल, तर त्या दिवशी मोजू नका.

दर वेळी सारख्याच रीतीने मोजा. एकदा पावलाने अन् एकदा टेपने, एकदा सकाळी अन् एकदा राबून आल्यावर, असे केले तर आकडे जुळत नाहीत.

तीन वेळा करा अन् सर्वांत चांगला आकडा धरा. दर महिन्याला एकदा मोजले की पुरे. रोज मोजून बळ वाढत नाही.

आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवा. एक वही करा. तारीख, वजन, उडी, बीमवर किती वेळा, धावण्याला किती वेळ, अशी घरे आखा. पोराला म्हणा, "तू सांग, मी लिहितो." तुम्ही अक्षर शिकलात ते अशा कामासाठीच. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. त्याचे अंग निराळे, त्याचे खाणे निराळे. मागच्या महिन्याच्या आपल्याच आकड्याशी तुलना करा.

तुमच्या गावातही एखादा काटकुळा पोर रांगेत मागे उभा असेल. त्याला हसू नका. त्याला पुढे बोलवा. खडू घ्या, टेप घ्या, अन् म्हणा, "मार बरे उडी. आपण मोजून पाहू."

करून पाहा

१. बळ, झपाटा आणि दम यांचे एकेक काम आपल्या शेतातले सांगा.

२. एका मुलाने ३० किलो वजन आठ वेळा उचलले. त्याचे कमाल बळ सुमारे किती किलो?

३. घरातील एका माणसाची भिंतीवरची उडी मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा.